हार्नेस की बूस्टर? एका 'किंवा'ची साठ वर्षं

मागच्या रविवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, याला आता बूस्टर घेऊ ना? साडेचार वर्षांचा झालाय. त्या पट्ट्यांच्या सीटला 'बाळाची खुर्ची' म्हणतो, बसायलाच तयार नाही. दुकानदार म्हणाला, चार पूर्ण झाले की बूस्टर चालतं."

मी विचारलं, "वजन किती त्याचं?"

"सोळा किलो."

"मग अजून नको. आहे त्याच सीटमध्ये बसव."

"कशावरून? खोक्यावर तर पंधरा किलोपासून लिहिलंय!"

तिचं चूक नव्हतं. बूस्टरच्या खोक्यावर खरंच '१५ ते ३६ किलो' असं छापलेलं असतं. आणि भाचा आत्ता ज्या हार्नेसच्या सीटमध्ये बसतो तिच्यावर '९ ते १८ किलो' असं आहे. म्हणजे १५ ते १८ या तीन किलोंच्या पट्ट्यात दोन्ही खोकी खरं बोलतायत, आणि आई-बापांनी काय करायचं ते दोन्ही खोकी सांगत नाहीत. फोनवर मी तिला जे तुकड्या-तुकड्यांत सांगितलं ते जरा नीट लिहून काढतोय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरात तीन ते दहा वर्षांचं मूल आणि दारात चारचाकी आहे, त्यांनी वाचावीच.

आधी दोन शब्द स्पष्ट करू, कारण दुकानात दोन्हीला 'कार सीट' म्हणूनच विकतात. हार्नेसवाल्या सीटला स्वतःचे पट्टे असतात. दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक दोन पायांच्या मधून, आणि पाचही मध्ये एका बकलला येऊन मिळतात. मूल सीटला बांधलेलं आणि सीट गाडीला बांधलेली. बूस्टर मात्र मुलाला धरून ठेवत नाही. ते मुलाला वर उचलतं, एवढंच. मग गाडीतला मोठ्या माणसांसाठी केलेला सीटबेल्ट मुलाच्या मानेवरून न जाता खांद्यावरून जातो आणि पोटावर न येता मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर बसतो. धरून ठेवायचं काम तो बेल्टच करतो. बूस्टर हा पाट आहे. पाट चांगला की वाईट हे पाटावर कोण बसलंय आणि बेल्ट कुठून जातोय यावर ठरतं.

आता इतिहास.

लहान मुलांसाठी मोटारीत वेगळी खुर्ची अमेरिकेत १९३० च्या दशकातच निघाली होती. पण तिचा सुरक्षिततेशी काडीचा संबंध नव्हता. पोरगं मागे-पुढे धावू नये, जरा उंच बसावं, खिडकीतून बघावं आणि बापाला गाडी चालवू द्यावी, एवढाच हेतू. पुढच्या सीटच्या पाठीला दोन आकडे अडकवायचे आणि त्यात मूल बसवायचं. पुढे पुढे तर त्याला खेळण्यातलं स्टेअरिंगही लावून द्यायचे. टक्कर झाली तर ती खुर्ची मुलासकट काचेतून बाहेर जाईल, हा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता, कारण मोठ्यांना तरी कुठे पट्टे होते?

१९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिनने खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन टोकांचा सीटबेल्ट आणला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. त्याच सुमाराची दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी अपघातांचे अहवाल तपासताना एका विशिष्ट दुखापतीला नाव दिलं, 'सीट बेल्ट सिंड्रोम'. नुसत्या कमरेच्या पट्ट्याने माणूस वाचतो, पण पट्टा पोटावर सरकलेला असेल तर आतडी फाटतात, कमरेचा मणका मोडतो. जो पट्टा जीव वाचवतो तोच चुकीच्या जागी असेल तर जखम करतो, हे तेव्हापासून कागदावर आहे.

आणि ही जखम मुलांना जास्त का होते? मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडाला पुढे दोन उंचवटे असतात, हाताने चाचपून बघा, लगेच लागतील. पट्टा त्यांना अडकून राहतो. मुलांचे हे उंचवटे साधारण दहाव्या वर्षापर्यंत नीट तयारच झालेले नसतात. त्यात त्यांच्या मांड्या आखूड. सीटच्या कडेला गुडघे वाकवता येत नाहीत म्हणून मूल पुढे सरकून बसतं, आणि पट्टा आपोआप पोटावर चढतो. म्हणजे पाच वर्षांचं मूल हे लहान आकाराचं मोठं माणूस नाही, त्याचा सांगाडाच वेगळा आहे. हार्नेस की बूस्टर हा सगळा वाद शेवटी या दोन न उगवलेल्या हाडांचा वाद आहे.

१९६० च्या दशकात तीन देशांत तीन वेगळी डोकी चालली. ब्रिटनमध्ये जीन एम्स नावाच्या पत्रकार बाईंनी आणि अमेरिकेत डेन्व्हरच्या लिओनार्ड रिव्हकिन यांनी, दोघांनीही १९६२ च्या आसपास, मुलाला खरोखर धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या खुर्च्या बनवल्या. आजचा हार्नेस त्यांचा वारसदार. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन या प्राध्यापकांनी वेगळाच विचार केला. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर घेतात, मग मुलाने टक्करीचा जोर पाठीवर का घेऊ नये? १९६४ मध्ये त्यांनी मागे तोंड करून बसायची सीट तयार केली.

इथे स्वीडनने जी वाट धरली ती आजतागायत सोडलेली नाही. तिथे मूल चार वर्षांचं होईपर्यंत मागे तोंड करून बसतं आणि त्यानंतर थेट बूस्टरवर जातं. पुढे तोंड करून हार्नेसमध्ये बसायचा मधला टप्पा तिथे जवळजवळ नाहीच. बूस्टरची जगातली पहिली उशी व्होल्वोनेच १९७८ मध्ये आणली, ती या चार वर्षांनंतरच्या मुलांसाठी. म्हणजे आपण ज्या प्रश्नावर डोकं खाजवतोय तो मुळात अमेरिकी पद्धतीतून आलेला प्रश्न आहे. म्हणून आता अमेरिकेत जाऊ. तिथला गोंधळ आपल्याला फार ओळखीचा वाटेल.

अमेरिकेत सरकारी मानक १९७१ मध्ये आलं. गंमत बघा, त्यात टक्कर-चाचणीच नव्हती! सीट गाडीच्या पट्ट्याने बांधता आली पाहिजे वगैरे अटी होत्या, पण डमी बसवून, ताशी ३० मैलांनी आदळवून बघायची सक्ती थेट १९८१ मध्ये आली. मधली दहा वर्षं 'सरकारी मानकानुसार' असं छापून काहीही विकता येत होतं.

आणि कायदा? सीट चांगली असली तरी वापरलीच पाहिजे असं सांगणारा कायदा एकाही राज्यात नव्हता. तो आणला टेनेसी राज्यातल्या मर्फ्रिसबरो गावच्या डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनी. बालरोगतज्ज्ञ, शिवाय काउंटीचे आरोग्य अधिकारी. मुलांना देवी-पोलिओच्या लशी देतो, मग त्याच मुलांना गाडीत मरताना बघत का बसायचं, असा त्यांचा साधा हिशोब. पत्नी पॅट यांच्यासोबत त्यांनी आमदारांना गाठायला सुरुवात केली. पहिला प्रयत्न फसला. १९७७ मध्ये विधेयक पास झालं आणि १ जानेवारी १९७८ पासून चार वर्षांखालच्या मुलांना सीट सक्तीची करणारं टेनेसी हे पहिलं राज्य ठरलं. लोक त्यांना 'डॉ. सीटबेल्ट' म्हणायला लागले.

पण पास होताना विधेयकात एक दुरुस्ती घुसली होती. मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर किंवा कडेवर असेल तर सीटची गरज नाही! आईच्या कुशीपेक्षा सुरक्षित जागा जगात कुठली, हा त्यामागचा युक्तिवाद. आपल्याकडे आजही प्रत्येक घरात कुणी ना कुणी हेच म्हणतं. सँडर्स यांच्या बाजूचे लोक या दुरुस्तीला 'मुलं चिरडणारी दुरुस्ती' म्हणत. का, ते गणित शाळेतलंच आहे. गाडी ताशी ५० किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. टक्कर झाली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात सगळं थांबलं. १० किलोचं बाळ धरून ठेवायला तेवढ्या वेळात दीडशे किलोच्या आसपास वजन पेलण्याइतकी ताकद लागेल. कुठल्या आईच्या हातात ती आहे? बाळ हातातून सुटतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे आई बांधलेली नसेल तर बाळ आई आणि डॅशबोर्डच्या मध्ये सापडतं. सँडर्स पुन्हा विधिमंडळात गेले, आकडे घेऊन. १९८१ मध्ये ती पळवाट रद्द झाली. १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत कायदे झाले होते.

एक 'किंवा' काढायला तीन वर्षं. हा 'किंवा' लक्षात ठेवा, शेवटी परत येतोय.

हे कायदे बहुतेक चार वर्षांवर थांबले. चार वर्षांच्या पुढचं मूल म्हणजे कायद्याच्या लेखी छोटा प्रौढ. हार्नेसच्या बहुतेक सीटही ४० पौंडांना, म्हणजे १८ किलोंना संपायच्या. मग चार ते आठ वर्षांची मुलं सरसकट मोठ्यांच्या पट्ट्यात. पट्टा मानेला घासतो म्हणून मूल तो काखेखाली घ्यायचं किंवा पाठीमागे टाकायचं. १९८० च्या दशकात यावर एक उपाय बाजारात आला. बूस्टर, पण पोटापुढे प्लॅस्टिकची ढाल असलेलं. मुलाला बसवा, ढाल लावा, कंबरपट्टा ढालीवरून ओढा, झालं! खांद्याला काहीच नाही. आई-बापांना सोपं, मुलाला मोकळं. पण टक्करीत मुलं त्यातून बाहेर फेकली जायची, नाहीतर ढालीवर आपटायची. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९६ मध्ये ही ढालवाली बूस्टर वापरू नका असं सांगितलं. तोवर ती हजारो गाड्यांत होती आणि पुढची कित्येक वर्षं भावंडांकडून भावंडांकडे जात राहिली.

त्याच १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात चार वर्षांचा एक मुलगा अपघातात गाडीबाहेर फेकला जाऊन गेला. त्याने सीटबेल्ट लावला होता. हे वाक्य पुन्हा वाचा. त्याच्या आईने कायदा पाळला होता, नियम पाळला होता, फक्त तो पट्टा तिच्या मुलाच्या मापाचा नव्हता. त्या आईने पुढची काही वर्षं घालवली आणि २००० मध्ये वॉशिंग्टनने बूस्टर सक्तीचा करणारा देशातला पहिला कायदा केला. २००२ च्या डिसेंबरात त्या मुलाच्या नावाने देशपातळीवर 'अँटन्स लॉ' आला. त्यात मागच्या मधल्या सीटलाही खांद्याचा पट्टा द्या, दहा वर्षांच्या मुलाच्या मापाची डमी तयार करा, बूस्टरची कामगिरी तपासा, असे हुकूम होते. म्हणजे तोपर्यंत दहा वर्षांच्या मुलाचं काय होतं हे आदळवून बघायला सरकारकडे त्या मापाचा पुतळाच नव्हता.

बूस्टरने फरक पडतो का? पडतो. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी एका विमा कंपनीकडे आलेल्या अपघातांच्या दाव्यांवरून हे तपासलं. २००३ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की चार ते सात वर्षांच्या मुलांत नुसत्या सीटबेल्टच्या तुलनेत बूस्टरमुळे दुखापतीचा धोका ५९ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे बूस्टरला शिव्या घालायला मी बसलेलो नाही. योग्य मुलासाठी ते फार चांगलं आहे.

मध्ये २००५ साली 'फ्रीकॉनॉमिक्स'वाल्या लेव्हिट आणि डबनर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहून खळबळ उडवली, की दोन वर्षांच्या पुढे कार सीट आणि साधा सीटबेल्ट यांत मृत्यूच्या आकड्यात फरक दिसत नाही. अजूनही व्हॉट्सॲपवर हुशार मंडळी हे फेकत असतात. त्यावर पुढच्याच वर्षी उत्तर आलं. सीट अगदीच चुकीची वापरलेली प्रकरणं, म्हणजे सीट गाडीला बांधलेलीच नाही, हार्नेस लावलेलाच नाही वगैरे, बाजूला काढली तर दोन ते सहा वर्षांच्या मुलांत मृत्यूचा धोका सीटबेल्टपेक्षा २८ टक्क्यांनी कमी. ती प्रकरणं धरली तर २१ टक्के. मला विचाराल तर या वादातली खरी माहिती या दोन आकड्यांच्या फरकात आहे. सीट विकत घेतली म्हणजे काम झालं असं नाही.

आता येतो त्या तीन किलोंच्या पट्ट्याकडे.

अमेरिकेत बूस्टर ३० पौंडांपासून, म्हणजे साडेतेरा किलोंपासून, विकायला परवानगी होती. हार्नेस ४० पौंडांपर्यंत. कंपन्यांना हा दहा पौंडांचा पट्टा सोन्यासारखा, कारण त्यात तीन-चार वर्षांची लाखो मुलं येतात आणि प्रत्येक घर एक नवी वस्तू विकत घेतं. शेजारच्या कॅनडाने मात्र १९८७ पासूनच बूस्टरची किमान मर्यादा ४० पौंड ठेवली होती. त्यामुळे तेच बूस्टर सीमेच्या उत्तरेला ४० पौंडांच्या लेबलने आणि दक्षिणेला ३० पौंडांच्या लेबलने विकलं जात होतं. सीमा ओलांडली की मुलाची हाडं दहा पौंडांनी घट्ट होतात की काय!

२०२० च्या फेब्रुवारीत 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारितेच्या संस्थेने एका मोठ्या कंपनीच्या आतल्या चाचण्यांचे व्हिडिओ बाहेर काढले. बाजूने धडक दिल्यावर डमी खांद्याच्या पट्ट्यातून निसटून कडेला फेकली जातेय, आणि कंपनीच्या स्वतःच्या निकषाने ती चाचणी 'पास'. सरकारी मानकात तेव्हा मुलांच्या सीटसाठी बाजूच्या धडकेची चाचणीच नव्हती, म्हणून निकष कंपनीचेच. ४० पौंडांखालच्या मुलांसाठी हे विकू नये, असं कंपनीच्याच एका अभियंत्याने २०१२ मध्ये सुचवलं होतं आणि ते नाकारलं गेलं होतं. डिसेंबरात अमेरिकी संसदेच्या उपसमितीनेही या उद्योगावर कडक अहवाल दिला. शेवटी २०२३ च्या डिसेंबरात सरकारने बूस्टरची किमान मर्यादा ३० वरून ४० पौंडांवर नेली. कॅनडानंतर छत्तीस वर्षांनी.

दरम्यान हार्नेसची वरची मर्यादा वाढत गेली. सरकारी चाचणीची व्याप्ती २००३ मध्ये ६५ पौंडांपर्यंत आणि २०१२ मध्ये ८० पौंडांपर्यंत नेली गेली, तसे जास्त वजनापर्यंत चालणारे हार्नेस बाजारात आले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आज असा आहे: सीटच्या मर्यादेत बसतंय तोवर मागे तोंड, मग त्या सीटची उंची किंवा वजनाची मर्यादा संपेपर्यंत हार्नेस, मग बूस्टर आणि साधारण ४ फूट ९ इंच उंची झाल्यावरच नुसता पट्टा. युरोपही वजनाकडून उंचीकडे सरकलाय. नव्या युरोपीय मानकात बूस्टर १०० सेंटिमीटरच्या पुढे, आणि पाठ नसलेली नुसती उशी १२५ सेंटिमीटरच्या पुढे.

या सगळ्यात एक गोष्ट दिसते का? आपण मुलाला एका सीटमधून पुढच्या सीटमध्ये नेतो तेव्हा त्याला बढती दिल्यासारखं वाटतं. "मोठा झाला आमचा राजा." पण सुरक्षिततेच्या हिशोबात प्रत्येक पायरी खाली जाते. मागे तोंड सगळ्यात सुरक्षित, मग हार्नेस, मग बूस्टर, मग पट्टा. प्रत्येक टप्प्यावर जबाबदारी थोडी थोडी सीटकडून मुलाच्या अंगावर येते. बूस्टरवर मूल नीट बसलं तरच बूस्टर काम करतं. झोपेत कलंडलं, चिप्सचं पाकीट उचलायला वाकलं, पट्टा काखेखाली घेतला, की संपलं. साडेचार वर्षांच्या पोराने पुणे ते कोल्हापूर चार-पाच तास सरळ बसावं अशी अपेक्षा ठेवणारा दुकानदार स्वतः कधी पोरं घेऊन गेलेला नसावा.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर हार्नेसचे कट्टर भक्त तयार होतात. खांदे हार्नेसच्या सगळ्यात वरच्या खाचेच्या वर गेले, किंवा सीटवर लिहिलेलं वजन ओलांडलं, की हार्नेस सुटला. मग ओढून-ताणून बसवण्यात शहाणपण नाही. सात वर्षांचं शांत बसणारं, २३ किलोंचं मूल चांगल्या पाठीच्या बूस्टरमध्ये उत्तम बसतं. आणि सैल हार्नेस हा घट्ट पट्ट्यापेक्षा वाईट. खांद्याजवळचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत पकडून बघा, चुणी आली तर अजून आवळायला हवा. पुढे तोंड असलेल्या सीटच्या डोक्यामागून जो वरचा पट्टा येतो, तो गाडीच्या मागच्या आकड्याला लावायचा असतो. तो लावला नाही तर टक्करीत डोकं खूप पुढे जातं. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत हा पट्टा मागे लोंबकळत असलेला मी पाहिलाय.

आणि आपल्याकडे म्हणजे कायद्यात काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ बी आलं. चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्टने किंवा मुलांच्या सुरक्षा-सीटने बांधलेलं नसेल तर चालकाला १,००० रुपये दंड.

सापडला 'किंवा'?

या कलमानुसार चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला तरी कायदा पाळला गेला. वॉशिंग्टनच्या त्या आईनेही नेमकं तेच केलं होतं. आपला कायदा १९९६ च्या अमेरिकेत उभा आहे. वय नाही, वजन नाही, उंची नाही, नुसतं 'चौदा'. मजा म्हणजे दुचाकीसाठी आपण जास्त बारकाईने विचार केलाय. २०२२ च्या नियमात नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हार्नेस, हेल्मेट, आणि ताशी ४० ची वेगमर्यादा, असं सगळं तपशिलात आहे. पाळतं कोण हा वेगळा मुद्दा.

२०२२ च्या सप्टेंबरात पालघरच्या चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागच्या सीटवरच्या पट्ट्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली. मुंबई पोलिसांनी नोव्हेंबरपासून मागचा पट्टा सक्तीचा केला. मुलांबद्दल त्यात वेगळं काही नव्हतं. २०२४ च्या डिसेंबरात वाशीत पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅगच्या धक्क्याने गेला. दोन दिवस बातम्या, मग शांत. केरळच्या परिवहन खात्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात मुलांच्या सीट सक्तीच्या करायची घोषणा केली, आणि मंत्र्यांनी लगेच 'असं काही नाही' म्हणून ती मागे घेतली. सँडर्स यांना टेनेसीत जे ऐकावं लागलं असेल तेच सगळं तिथेही बोललं गेलं.

२०२३ मध्ये भारत एनकॅप सुरू झालं, हे चांगलं झालं. आता गाडीच्या जाहिरातीत मुलांच्या सुरक्षिततेचे ४९ पैकी किती गुण ते झळकतं. पण त्या धडकेत मागे बसवलेल्या डमी दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाच्या असतात. पाच-सहा वर्षांच्या, बूस्टरच्या वयाच्या मुलाचं काय होतं ते त्या चांदण्या सांगत नाहीत. शोरूममध्ये हे कुणी बोलत नाही.

बहिणीला हे सगळं ऐकवल्यावर ती म्हणाली, "बरं, मग काय करू ते एका वाक्यात सांग." एक वाक्य नाही झालं. १८ किलो होईपर्यंत हार्नेसच, खांदे खाचेच्या वर गेले नसतील तर. नंतर पाठवालं बूस्टर, नुसती उशी नको. बूस्टरला खांद्याचा पट्टा लागतोच, त्यामुळे ज्या सीटला फक्त कंबरपट्टा आहे तिथे बूस्टर ठेवायचंच नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागची मधली सीट तशीच असते. आणि काही झालं तरी पुढे बसवायचं नाही.

संध्याकाळी तिने फोटो पाठवला. हार्नेसचे पट्टे वरच्या खाचेत घेतलेत, वरचा पट्टा आकड्याला लावलाय, आणि सीटवर पोराने स्वतः रॉकेटचे स्टिकर चिकटवलेत. त्याला आल्डमन आणि अंतराळवीरांची गोष्ट सांगितली म्हणे, आता ती बाळाची खुर्ची राहिलेली नाही.

पण गणपतीला रत्नागिरीला जायचंय. माणसं सहा, गाडी एक, मागे तीन जागा आणि त्यातली मधली कंबरपट्ट्याची. काल आईने विचारलंच, "त्याला मी मांडीवर घेते की! तेवढं तर चालेल ना?" मी आईला टेनेसीची गोष्ट सांगायला घेतलीय. दुसऱ्या गाडीचं भाडंही विचारून ठेवलंय.